महंत होडीत बसले

“जेवणापासून एकच पान चाललंय हिचं. पान आहे का पाटा?”

नवसाबाई माझ्या कानाशी पुटपुटली. तिची मांडी माझ्या मांडीला लागलेली, तेव्हा ते मलाच सांगितलं असं मी धरलं आणि हसू लपवायला मान खाली घातली. समोर पुतळाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक होतं आणि त्यातले महंत हातात पणती घेऊन मठाच्या भुयारात उतरत होते. नवसाबाईचं पुटपुटणं संपतं न संपतं तोच पुतळाबाईंनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. नवसाबाईचं कुरकुरणं म्हणजे आमच्या पडवीत रोजचंच. ते थांबलं असतं तर उलट आम्ही वर बघितलं असतं.

आमचा विडीचा कारखाना नाशकात, भद्रकालीच्या देवळामागच्या बोळात. कारखाना आपला म्हणायचा. एक लांब पत्र्याची पडवी, तिला लाकडी खांब आणि प्रत्येक खांबाशी चार-पाच बाया. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची कापलेली पानं, एका कडेला तंबाखू, दुसऱ्या कडेला दोरा. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसभर हेच. हात आपोआप चालतात, तोंड मोकळं राहतं, आणि मोकळं तोंड भांडणाकडं जातं. म्हणून मुकादम कोंडाजीनं दोन वर्षांपूर्वी युक्ती काढली. पुतळाबाई शाळामास्तरांच्या विधवा, मास्तरांनीच त्यांना वाचायला शिकवलेलं. सकाळी त्यांनी आमच्यासारख्या विड्या वळाव्यात, आणि चातुर्मासात जेवणानंतर पोथी वाचावी. पोथी चालू असली की भांडण नाही, आणि विड्या जास्त होतात, हे कोंडाजीच्या लगेच लक्षात आलं.

दोन चातुर्मास खऱ्या पोथ्या झाल्या. यंदा नवीन काही आणा म्हणून बायांनी धोशा लावला. वाचनालयात आमच्या सेठच्या दिवाणजींचं नाव होतं. त्यांच्या नावावर कोंडाजी एक जाडजूड पुस्तक घेऊन आला, ‘त्रिशूळ मठाचे रहस्य’. कोंडाजीला अक्षरं लावून लावून वाचता येतं. तेवढ्या भांडवलावर त्यानं ठरवलं की मठ आहे, त्रिशूळ आहे, त्या अर्थी एखाद्या क्षेत्राचं माहात्म्य असणार. पुस्तक मळू नये म्हणून त्यानं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. बायडाबाईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. आम्ही सगळ्यांनी सुपं बाजूला ठेवून हात जोडले, आणि पुतळाबाईंनी पहिली ओळ वाचली. मठाच्या तेराव्या पायरीवर पुजाऱ्याचे प्रेत पडले होते.

पुतळाबाई थांबल्या. आम्ही हात जोडलेलेच.

आता पोथी एकदा लावली की मध्येच सोडता येत नाही. बायडाबाई निफाडकडची, देवाधर्माच्या बाबतीत पडवीत तिचा शब्द शेवटचा. तिनं निकाल दिला, “हळदकुंकू पडलंय. आता प्रेत निघो का भूत निघो, समाप्ती झाल्याबिगर पुस्तक मिटायचं नाय.”

मग पोथीच्या सगळ्या रीती त्या पुस्तकाला लागू झाल्या. प्रकरण अर्ध्यात सोडायचं नाही. कोणी मध्ये प्रश्न विचारायचा नाही, कारण पोथीला कोण विचारतं? आणि पोथी सांगणाऱ्यापुढं शिधा ठेवतात, तशा प्रकरण संपलं की प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या पुतळाबाईंच्या सुपात टाकायच्या. वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, तिचं पोट कशावर चालणार? एखाद्या दिवशी दोन खून झाले तर मूठ जरा मोठी पडायची.

आणि काय पुस्तक होतं ते! मठाच्या गादीचा हक्क सांगणारा जुना ताम्रपट कुणीतरी पळवलेला. गाभाऱ्यातली मूर्तीच खोटी निघाली. एक गुप्त मंडळी होती, तिच्यातल्या प्रत्येकाच्या बोटात त्रिशुळाची अंगठी. मुंबईचा गुप्त पोलीस कीर्तनकाराचं सोंग घेऊन मठात राहिलेला. ज्याच्यावर आपण संशय घ्यावा, तो दुसऱ्या दिवशी मेलेला सापडायचा आणि आपण तोंडघशी पडायचो. आमच्या नाशकात बैराग्यांना काय तोटा? बायडाबाई तपोवनातल्या एका गरीब बैराग्याची दाढी खरी की खोटी ते बघायला दोनदा त्याच्या पाया पडून आली. दुसऱ्या वेळी तिनं म्हणे ती जराशी ओढूनही पाहिली. दाढी खरी निघाली आणि बैराग्यानं तिला जे काही दिलं त्याला आशीर्वाद म्हणता येणार नाही.

सगळ्यांचा जीव जडला तो महंतांवर. फार म्हातारा, विसरभोळा माणूस. सारखा आपल्या खडावा कुठंतरी विसरायचा आणि अनवाणी संकटात शिरायचा. गुलजारबी आमच्या खांबाशी सगळ्यात जलद वळणारी, ती म्हणायची, “मेरा सासरा ऐसाइच था.” तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की बाकी कुणाचं काय व्हायचं ते होऊ दे, महंताला काही झालं तर आपण शिधा टाकणार नाही.

आता माझं, म्हणजे या सिंधुबाईचं, सांगते. मलाही एक गुपित होतं.

मी चाळिशी ओलांडलेली, शाळेची पायरी न चढलेली बाई. विड्यांच्या जुडीवर आमच्या कारखान्याचा कागद चिकटवतात, मोर छाप. मोराचं चित्र आणि खाली अक्षरं. वर्षभर ती अक्षरं बघून बघून मला ओळखीची झाली, आणि मग एका अक्षराच्या आधारानं दुसरं, असं मी चोरून शिकत गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. या वयात बाई अक्षरं गिरवायला लागली की लोक विचारतात, आता काय कलेक्टर व्हायचंय? मी पुतळाबाईंच्या डाव्या अंगाला बसायचे ते याचसाठी. त्या बोट फिरवत वाचायच्या. बोट पुढं, आवाज त्याच्या सोबत, आणि त्या दोघांच्या मागून मी. माझी ही शाळा. गुरूला पत्ता नाही आणि फी मूठभर विड्या.

श्रावणात एका दुपारी मी पहिल्यांदा एक ओळ एका दमात वाचली. ओळ अशी होती: महंतांचा निष्प्राण देह नदीकाठी सापडला.

आणि त्याच क्षणी पुतळाबाई वाचत होत्या, “महंत होडीत बसले. होडी हळूहळू काठापासून दूर गेली.”

गुलजारबीनं सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. म्हणजे वर्षभर मी जे शिकले ते सगळं चूक? पुस्तक म्हणतंय महंत होडीत बसले, आणि मला दिसतंय की मेले. पुतळाबाई चुकतील असं माझ्या मनातही आलं नाही. त्या मास्तरांच्या बायको, मी मोराकडून शिकलेली. मी पुढचे आठ-दहा दिवस पुन्हा पुन्हा पानात डोकावले, आणि दर वेळी माझं एक नि त्यांचं भलतंच. माझ्या वाचण्यात कीर्तनकाराला विष घातलेलं, त्यांच्या वाचण्यात तो कीर्तन रंगवतोय. मी एका मागून एक माणसं मारत होते, आणि पुतळाबाई त्याच माणसांना जेवू घालत होत्या.

शेवटी मी म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावावा. बाजारात महेबूब छत्रीवाल्याच्या दुकानावर पाटी होती. मी मनात वाचली, येथे छत्र्या दुरुस्त होतील. मग त्याला विचारलं, भाऊ, पाटीवर काय लिहिलंय? तो म्हणाला, “छत्र्या दुरुस्त होतील. काढा छत्री.” माझ्याकडं छत्री नव्हतीच. मी भर रस्त्यात हसत सुटले. तो बिचारा छत्रीची वाट बघत हात पुढं करून उभा. पुढच्या दुकानाची पाटी वाचली, ती बरोबर. त्याच्या पुढची, तीही. मेनरोडपर्यंत मी पाट्या वाचत गेले, आणि कोपऱ्यावर माझं हसू थांबलं.

माझं बरोबर असेल, तर पुतळाबाईंचं काय?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाकडं बघितलंच नाही, त्यांच्याकडं बघितलं. बोट पानावरून चाललं होतं, पण ओळीखालून नव्हे, दोन ओळींच्या मधून. मग ते चित्रावर चढलं, मग कडेच्या कोऱ्या जागेत गेलं, आणि महंत मजेत होडीतून चालले होते. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, तर दोन्ही बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं पांढरं आलेलं. इतके दिवस त्यांच्या शेजारी बसून मला फक्त त्यांचं बोट दिसलं होतं.

हे बोलायचं कसं? सेठचा नियम होता. ज्या बाईला दोरा दिसत नाही, तिनं सूप खाली ठेवायचं. मागच्या शिमग्याला कोंडाजीनं पलीकडच्या खांबाच्या एका म्हातारीच्या मांडीवरून सूप उचललं होतं. त्याला वाईट वाटलेलं सगळ्यांनी पाहिलं, पण सूप त्यानं उचललंच. पुतळाबाईंना मागंपुढं कोणी नाही. एका खोलीत त्या आणि मास्तरांची पुस्तकं. सूप गेलं की चूल गेली. मी गप्प बसायचं ठरवलं, आणि गप्प बसल्यावरच मला बाकीच्या दिसायला लागल्या.

गुलजारबी सकाळी आल्या आल्या आधी पुतळाबाईंसाठी दोऱ्याचे तुकडे तोडून सुपाच्या कडेला लावून ठेवायची, आणि पाण्याचा तांब्या शेजारी न ठेवता हातातच द्यायची. बायडाबाई रोज सुटीला त्यांच्या पाया पडायची आणि पाया पडता पडता हात धरायची तो बोळातलं गटार ओलांडेपर्यंत सोडायची नाही. आम्हाला वाटायचं, केवढी भक्ती. नवसाबाई तर सगळ्यात वरचढ. कोंडाजी विड्या तपासायला निघाला की ती पुतळाबाईंच्या सकाळच्या विड्यांतल्या सैल विड्या उचलून आपल्या चांगल्या तिथं टाकायची, आणि आपल्या वाईट विड्यांबद्दल कोंडाजीची बोलणी खाताना उलट त्यालाच फैलावर घ्यायची. आणि ते एकच पान चालल्याचं कुरकुरणं? ते माझ्यासाठी नव्हतंच मुळी. मुकादम जवळ आला, आता पान उलटा, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. चौघी जणी शेजारी शेजारी बसून एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. त्रिशूळ मठाच्या मंडळीला निदान अंगठ्या तरी होत्या.

आणि खरं सांगू का, गोष्ट सुधारली होती. पुस्तकात नुसता मुडद्यांचा ढीग. पुतळाबाईंच्या गोष्टीत श्रावणापासून एक माणूस मेला नाही. महंतांची होडी गोदावरीतून एकेका गावाला लागायची. पाठीमागं अंगठीवाले, पुढं ताम्रपटाचा एकेक तुकडा, आणि प्रत्येक घाटावर धुणं धुणाऱ्या बाया. एका घाटावरच्या बाईची जीभ हुबेहूब नवसाबाईसारखी होती. नवसाबाईनं ते ओळखलं आणि म्हणाली, असली भांडखोर बाई कुठं असते का. त्या दिवशी तिची मूठ मात्र सगळ्यांत मोठी पडली. कोंडाजी खांबाआड उभा राहून पानांच्या गड्ड्या मोजायचा. एकच गड्डी तो तासभर मोजत असे.

आश्विनात, दसऱ्यानंतर, कोंडाजी जेवणाच्या सुटीत येऊन म्हणाला की पुस्तक उद्या परत जाणार. दर पंधरा दिवसांनी तो ते पुन्हा नावावर करून आणत होता, पण आता दुसऱ्या कुणी मागितलंय, वाचनालय ऐकत नाही. तेव्हा समाप्ती आज. एवढं बोलून तो गेला नाही. तंबाखूचं रिकामं खोकं उपडं घातलं आणि पहिल्यांदाच उघडपणे आमच्यात बसला. शेजारच्या खांबांच्या बायाही सुपं घेऊन सरकत आल्या.

पुतळाबाईंनी पुस्तक उघडलं. मी पाहिलं, शेवटून पाच-सहा पानं. तेवढं त्यांनी जाडीवरून नेमकं काढलं होतं. त्या सुरेख सांगत होत्या. महंत एका घाटावर बसून भाकरी खात होते, ताम्रपटाचे सगळे तुकडे उपरण्यात बांधलेले. मठाच्या सभामंडपात कीर्तनकारानं सगळ्यांना गोळा केलं, पगडी उतरवली आणि सांगितलं की मी पोलीस आहे. गुप्त मंडळीचा मुखिया याच मंडपात आहे. आता मी त्याचं नाव घेतो.

आणि पुतळाबाई थांबल्या.

दोन महिने त्यांनी कुणाला मरू दिलं नव्हतं. आता कुणाला वाईट ठरवायची वेळ आली, तर ज्याला त्याला त्यांनी माया लावून ठेवलेली. त्यांनी पाणी मागितलं. गुलजारबीनं तांब्या हातात दिला. पाणी पिऊन झालं. पान उलटलं, परत मागं उलटलं. नवसाबाई मोठ्यानं म्हणाली की तंबाखूचा खकाणा फार उडतोय, आज वाचणं होणार कसं. कुणी हललं नाही.

“नाव काय त्याचं?” कोंडाजी म्हणाला. आणि मग हात पुढं केला. “अक्षर बारीक असंल. द्या इकडं, मी लावतो.”

त्यानं पुस्तक घेतलं आणि पहिली ओळ लावली की संपलं. माझा हात माझ्या आधी पुढं गेला. मी म्हटलं, मी वाचते, मला येतं वाचायला. बायडाबाई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू माझीच दाढी खोटी निघाली. मी पुस्तक ओढून घेतलं. मनात होतं की डोळे कागदावर ठेवायचे आणि पुतळाबाईंसारखं काहीतरी आपल्या मनानं सांगायचं. पण तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांनी दगा दिला. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत वाचत होते, समोर अक्षरं होती, मी ती वाचली.

“महंतांचा खून करणारा हा नराधम दुसरा तिसरा कोणी नसून...”

“कोनाचा खून?” बायडाबाई म्हणाली. “आमचा म्हंत जित्ता हाय.”

“अभी तो भाकरी खा रहा था,” गुलजारबी म्हणाली. तिच्या हातातली विडी उलगडली होती.

नवसाबाईनं माझ्या मांडीला असा चिमटा घेतला की चार दिवस हिरवा राहिला, आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हिला कुठलं वाचायला येतंय! मोर छाप वाचलं एवढ्यावर शहाणी झाली. सांग की, येत नाही म्हणून.”

मी पुतळाबाईंकडं पाहिलं. त्यांचे हात रिकाम्या मांडीवर होते, अजून पुस्तक असल्यासारखे धरलेले, आणि त्यांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळलेला. बाजारातल्या त्या सगळ्या पाट्या मला आठवल्या. महेबूबचा पुढं केलेला हात आठवला.

“नाही येत,” मी म्हटलं. “उगाच आपलं. चुकलं माझं.”

कोंडाजीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मी सोडत नव्हते, तरी घेतलं. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत तो बसला. नवसाबाई एकदा खोकली. त्यानं एक ओळ लावली, दुसरी लावली, पान उलटून मागचं थोडं पाहिलं. मग पुस्तक मिटलं, वर्तमानपत्राचं कव्हर हातानं नीट केलं आणि ते खोक्याखाली ठेवून दिलं.

“सिंधुबाई बरोबर वाचतात,” तो म्हणाला. “पुतळाबाई, तुम्हाला दिसत नाही. श्रावणापासून दिसत नाही. सकाळच्या तुमच्या विड्यांना नवसाबाईची गाठ यायला लागली, तेव्हाच मला समजलं. दोरा दिसायचा नियम आहे तो वळणारीला, सांगणारीला कुठं आहे? हे पुस्तक उद्या जाईल तिकडं जाऊ द्या. महंतांची भाकरी झाली का खाऊन? पुढं सांगा.”